विश्लेषण : वडिलांचे जुने रिव्हॉल्वर कपाटात आहे, गोळ्या भरण्याआधी काय तपासावे?

१ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेता गोविंदा कोलकात्याला निघण्याच्या तयारीत होता. जुहूच्या घरात तो आपले परवाना असलेले रिव्हॉल्वर कपाटात ठेवत होता. ते हातातून निसटून खाली पडले, गोळी सुटली आणि त्याच्या डाव्या पायात घुसली. शस्त्रक्रिया करून गोळी काढावी लागली; ४ ऑक्टोबरला तो घरी परतला. रिव्हॉल्वर .३२ बोअरचे होते, जुने होते आणि त्याच्या लॉकचा लहानसा भाग तुटलेला होता, असे तेव्हाच्या बातम्यांत आले होते.

बातमी अभिनेत्याची असल्याने चार दिवस गाजली आणि मागे पडली. त्यातला प्रश्न मात्र तसाच राहिला. जुने रिव्हॉल्वर, आत भरलेल्या गोळ्या आणि घरातले कपाट, हे चित्र बऱ्याच घरांत आहे.

ठाण्यातल्या नौपाड्याचेच बघा. राम मारुती रोड, गोखले रोड, घंटाळी, विष्णूनगर या भागातल्या जुन्या इमारती आणि बंगले एकामागून एक पुनर्विकासाला जात आहेत. घर रिकामे करताना माळे आणि गोदरेजची कपाटे उघडली जातात. कुठे आजोबांची सायकलची पावती सापडते, कुठे पितळी डबे. क्वचित एखाद्या घरात चामडी म्यानातले रिव्हॉल्वर आणि हिरवट पडलेली काडतुसे निघतात. पेढी, कंत्राटदारी किंवा रोकड नेण्याच्या धंद्यामुळे कधी काळी घेतलेला तो परवाना असतो. मग घरात पहिला विचार येतो तो, ‘तेलपाणी करून ठेवू या, रात्री-अपरात्री उपयोगी पडेल.’

तेलपाण्याच्या आधी करायच्या गोष्टी बऱ्याच आहेत.

हे रिव्हॉल्वर नेमके कोणते?

घरातले रिव्हॉल्वर बहुधा दोनपैकी एका घराण्यातले असते. एक, बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट कंपनीचे. दुसरे, कानपूरच्या सरकारी लघुशस्त्र कारखान्याचे. कानपूरचे .३२ रिव्हॉल्वर वेब्लीच्या मार्क ४ च्या वळणावरच घडवलेले असल्याने दोन्हींची चाल सारखी. वरचा खटका दाबला की नळी आणि सिलिंडर बिजागरीवर पुढे झुकतात आणि सहाही घरे एकदम उघडी पडतात. रिकामी पुंगळी आपोआप वर उचलली जाते. इंग्रजीत याला ‘टॉप ब्रेक’ म्हणतात.

आधी नळीवर किंवा चौकटीवर कोरलेला बोअर वाचावा. त्यावर .३८०, .३८ किंवा .४५५ असे काही कोरलेले दिसले, तर तिथेच थांबावे. .३८० आणि .४५५ ची कडवाली काडतुसे चालवू शकणारी रिव्हॉल्वरे आपल्या कायद्यात ‘प्रतिबंधित बोअर’मध्ये मोडतात. युद्धकाळातली लष्करी रिव्हॉल्वरे बहुतेक याच मापांची. सामान्य नागरिकाला मिळणाऱ्या नेहमीच्या परवान्यात ती बसत नाहीत आणि विनापरवाना सापडली तर शिक्षा साध्या शस्त्रापेक्षा कितीतरी कडक आहे.

चौकटीवरचा क्रमांकही टिपून घ्यावा. परवान्यावरचा क्रमांक आणि लोखंडावरचा क्रमांक अक्षरशः जुळला पाहिजे. जुन्या हस्तलिखित परवान्यांत एखादा आकडा उलटसुलट उतरवलेला असतो. नूतनीकरणाच्या वेळी तो लक्षात आला तर मोठा घोळ होतो.

खाली पडले की गोळी कशी सुटते?

रिव्हॉल्वरच्या मागच्या बाजूला दिसणारा घोडा, म्हणजे हॅमर, पुढे आपटतो. त्याच्या नाकावरची सुई काडतुसाच्या बुडाशी असलेल्या प्राइमरवर आदळते, ठिणगी पडते, दारू पेटते आणि गोळी सुटते. नेहमीच्या वापरात हे सगळे चाप ओढल्यावर घडते. पण भरलेले शस्त्र घोड्याच्या बाजूने फरशीवर पडले, तर फरशी जवळपास तेच काम करते. घोड्याला मागून धक्का बसतो आणि सुई पुढे जाते.

हे होऊ नये म्हणून रिव्हॉल्वरमध्ये अडसर बसवायला सुरुवात झाली. त्यातला एक गाजलेला बदल दुसऱ्या महायुद्धातल्या अपघातामुळे झाला. अमेरिकी नौदलातल्या एका जहाजावर स्मिथ अँड वेसनचे रिव्हॉल्वर डेकवर पडले, गोळी सुटली आणि एक खलाशी मेला. कंपनीने घोडा अडवणारा भाग नव्याने रचला आणि नंतरच्या रिव्हॉल्वरांत तोच बसवला. १९७० च्या दशकापासून ‘ट्रान्स्फर बार’ नावाची पट्टी प्रचलित झाली. चाप पूर्ण ओढल्याशिवाय घोड्याचा धक्का सुईपर्यंत पोहोचूच नये, हे तिचे काम.

जुन्या रिव्हॉल्वरमध्ये असा अडसर असेलच असे नाही, आणि असला तरी पन्नास वर्षांत तो झिजलेला किंवा तुटलेला असू शकतो. बाहेरून पाहून हे कळत नाही. म्हणून जुन्या पिढीतले जाणकार घोड्याखालचे घर रिकामे सोडून सहाच्या जागी पाचच काडतुसे भरत. कपाटात ठेवायच्या शस्त्रासाठी मात्र त्याहून सोपा उपाय आहे : एकही भरू नये.

घरी काय तपासता येते?

सगळ्यात आधी शस्त्र रिकामे करणे. नळी सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर, खटका दाबून उघडायचे, काडतुसे काढायची आणि ती दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवायची. त्यानंतर सहाही घरे डोळ्यांनी बघायची आणि करंगळीने चाचपायची. चाचपणे हा भाग लोक गाळतात. अंधाऱ्या खोलीत काळपटलेले पितळ दिसत नाही, बोटाला मात्र लागते.

मग उजेडात चार गोष्टी बघाव्यात. बंद केल्यावर बिजागरी किंवा खटका खडखडतो का? टॉप ब्रेक प्रकाराचा दुबळा भाग हाच. खटका सैल झालेले रिव्हॉल्वर उडवताना उघडू शकते. दुसरे, घोडा अंगठ्याने सावकाश मागे ओढला की तो पुरता मागे जाईपर्यंत सिलिंडर जागेवर घट्ट बसतो का? तो थोडा अलीकडे किंवा पलीकडे थांबत असेल तर घर आणि नळी एका रेषेत येत नाहीत. मग गोळी नळीच्या काठावर घासते आणि शिशाचे कण बाजूने उडतात. तिसरे, मागे ओढून अडकवलेला घोडा अंगठ्याने हलके पुढे ढकलला तर सुटतो का? सुटला तर ते शस्त्र धोकादायक आहे, दुसरी चाचणी करायची गरजच नाही. चौथे, नळीच्या मागून पांढरा कागद धरून आत बघावे. आतले पीळ स्वच्छ दिसतात की खड्डे पडलेत, कुठे फुगवटा आहे का, हे कळते.

रिकाम्या रिव्हॉल्वरचा चाप पुन्हा पुन्हा ओढून ‘टकटक’ करून बघण्याचा मोह होतो, तो आवरावा. जुन्या बनावटीत सुई घोड्याच्या नाकावरच असते. रिकाम्या घरावर सतत आपटून ती तुटते आणि तिचा सुटा भाग मिळवणे जिकिरीचे असते.

यापुढचे काम परवानाधारक गनस्मिथचे. हा सल्ला निव्वळ काळजीपोटी नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार धंदा म्हणून शस्त्र दुरुस्त करायला, बदलायला किंवा तपासून द्यायलाही परवाना लागतो. गल्लीतला लेथवाला ओळखीचा असला आणि हात त्याचा कितीही सफाईदार असला, तरी त्याच्याकडून सुई घडवून घेतली तर तो आणि मालक दोघेही अडचणीत येतात. नळी कापून आखूड करणे हा तर स्वतंत्र गुन्हा आहे.

ठाण्याच्या हवेत लोखंड कसे टिकते?

एका बाजूला खाडी, चार महिने पाऊस आणि भिंतींना ओल. जूनमध्ये कपाटातल्या चपलांना बुरशी येते, त्याच कपाटात रिव्हॉल्वर असते. त्याचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे ते ज्यात मोठ्या निगुतीने ठेवलेले असते, ते चामडी म्यान. चामडे ओलावा शोषून धरून ठेवते. कमावताना वापरलेली रसायने त्यात उरलेली असतात. महिनोन्महिने म्यानात राहिलेल्या शस्त्राच्या निळ्या झिलईवर म्यानाच्या शिवणीचा ठसा गंजाने उमटलेला दिसतो. पितळी काडतुसांवर येणारा हिरवा थरही तिथलाच. म्यान बाळगण्यासाठी असते. साठवण करायची तर कोरड्या सुती कापडात, सिलिका जेलच्या पुड्यांसह, कुलूपबंद लोखंडी पेटीत. पुड्या दर पावसाळ्यात बदलाव्यात. तीन वर्षांपूर्वीच्या बुटाच्या खोक्यातली पुडी काही कामाची नसते.

सफाई खिडकी उघडी ठेवून करावी, स्वयंपाकघरात नाही, कारण नळीतला काळा मळ म्हणजे शिसे असते. सफाई झाली की हात साबणाने धुवावेत. टॉप ब्रेक रिव्हॉल्वर उघडले की नळी मागच्या बाजूने साफ करता येते, ही मोठी सोय आहे. तोंडाकडून गज घातला तर तिथल्या पिळांची धार घासली जाते आणि नेम बिघडतो. सॉल्व्हंट लावलेला पितळी ब्रश, मग कोरड्या चिंध्या, त्या पांढऱ्या निघेपर्यंत. सिलिंडरची सहा घरे वेगळी घासायची. शेवटी बंदुकीच्या तेलाचा अगदी पातळ हात.

तेल जास्त झाले की बिघडते, हे आपल्याकडे पटत नाही. खोबरेल तर नकोच. ते थंडीत थिजते, काळाने चिकट होते आणि आतल्या स्प्रिंगांवर मेणासारखे बसते. गंज सोडवायच्या स्प्रेचा फवाराही रिव्हॉल्वरच्या पोटात मारू नये. ते द्रव झिरपत जाते. पुढे काडतुसे भरली की प्राइमरमध्ये शिरते आणि काडतूस मुके होते. वापरात नसले तरी पावसाळ्यात महिन्यातून एकदा आणि नंतर दिवाळीच्या आवराआवरीत एकदा, एवढी नजर पुरते.

काडतूस निवडायचे म्हणजे काय?

अमेरिकी व्हिडीओ पाहून आलेल्या माणसाला इथे धक्का बसतो. तिकडे घरच्या संरक्षणासाठी टोक पोकळ असलेली, टोक चपटे असलेली, कमी जोराची, जास्त जोराची अशा डझनभर प्रकारांची चर्चा चालते. इकडे सामान्य परवानाधारकापुढे एवढी निवड नसते. परदेशी काडतुसांच्या आयातीची सवलत मुख्यतः नामांकित नेमबाजांपुरती आहे. .३२ रिव्हॉल्वरसाठी जे मिळते ते सरकारी कारखान्याचे, गोल टोकाच्या शिशाच्या गोळीचे काडतूस. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. तिथल्या काडतुसांच्या बुडावर ‘केएफ’ ही अक्षरे असतात, किरकी फॅक्टरीची. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या, तेव्हा खडकी ‘म्युनिशन्स इंडिया’कडे गेली आणि कानपूरचा शस्त्र कारखाना दुसऱ्या कंपनीकडे.

म्हणजे इथे ‘कोणते काडतूस चांगले’ यापेक्षा ‘कोणते काडतूस या रिव्हॉल्वरचे’ हा प्रश्न महत्त्वाचा. गफलत होते ती इथेच. बोलण्यात सगळेच ‘पॉइंट बत्तीस’ म्हणतात, पण या एका नावाखाली निदान तीन वेगळी काडतुसे आहेत.

पहिले, .३२ स्मिथ अँड वेसन लाँग. हे १८९६ चे, रिव्हॉल्वरसाठी बनलेले. बुडाला ठळक कड, पुंगळी सुमारे २३ मिलिमीटर लांब, गोळीचे नेहमीचे वजन ९८ ग्रेन, म्हणजे साडेसहा ग्रॅमच्या आतबाहेर. कानपूरचे रिव्हॉल्वर याचेच.

दुसरे, .३२ स्मिथ अँड वेसन, ज्याला नुसते ‘शॉर्ट’ म्हणतात. हे त्याहून जुने, पुंगळी साधारण १५ मिलिमीटर. फार जुनी, खिशात मावणारी छोटी रिव्हॉल्वरे याच्यासाठी असत. शॉर्ट काडतूस लाँगच्या घरात बसते आणि चालते. उलटे होत नाही : लाँग काडतूस शॉर्टच्या घरात पुरते जात नाही. ते ठोकून बसवायचा किंवा घर पोखरून घ्यायचा विचारही करू नये.

तिसरे, .३२ एसीपी, ज्याला ७.६५ मिलिमीटर असेही म्हणतात. हे पिस्तुलाचे काडतूस. पुंगळी सुमारे १७ मिलिमीटर, कड जेमतेम. काही रिव्हॉल्वरांत ते सरकून आत जाते आणि तिथेच घात होतो. याचा कमाल दाब लाँगच्या दाबापेक्षा साधारण एक तृतीयांशाने जास्त धरलेला असतो. पन्नास-साठ वर्षांच्या बिजागरीला तो ताण देण्यात शहाणपण नाही. घरात आजोबांचे रिव्हॉल्वर आणि काकांचे पिस्तूल दोन्ही असतील, तर डबे वेगळे ठेवून मोठ्या अक्षरांत नावे घालावीत.

दुकानात जाताना परवाना न्यावाच लागतो. एका वेळी किती काडतुसे आणि वर्षाला किती, याची मर्यादा परवान्यावरच लिहिलेली असते. खरेदीची नोंद त्यावर चढते. त्याच वेळी शस्त्र दाखवून ‘याच्या घरात लाँग बसते का’ एवढे तपासून घेतले, तर निम्मे प्रश्न सुटतात.

मापाइतकेच वय महत्त्वाचे. कोरड्या जागी ठेवलेले काडतूस अनेक वर्षे टिकते. पण गोदरेजच्या खणात वीस पावसाळे काढलेल्या काडतुसावर भिस्त ठेवता येत नाही. पुंगळीवर हिरवा थर, तडा, सैल झालेली गोळी किंवा आत दबलेला प्राइमर, यातले काही दिसले तर ते वापरातून काढायचे. घासून चकाकी आणली म्हणून आतली दारू सुधारत नाही. काढलेले काडतूस कचऱ्यात किंवा मासुंदा तलावात टाकायचे नाही, विक्रेत्याकडे किंवा पोलिसांकडे द्यायचे.

सराव करायचा तो अधिकृत रेंजवरच. तिथे दोन प्रसंग ओळखता यायला हवेत. चाप ओढला आणि काहीच झाले नाही, तर नळी लक्ष्याकडेच धरून अर्धा मिनिट थांबायचे; दारू उशिरा पेटू शकते. आणि आवाज नेहमीच्या ‘धाड’ऐवजी ‘फुस्स’ आला, तर लगेच थांबायचे. गोळी नळीत अडकलेली असू शकते. तिच्यामागे दुसरी सोडली की नळी फुटते.

रात्री खरेच कोणी घुसले तर?

नौपाड्यातल्या दोन खोल्यांच्या घरात मधली भिंत बहुधा चार इंची विटांची असते, नव्या टॉवरमध्ये त्याहून हलकी. दारे प्लायवूडची. गोल टोकाची शिशाची गोळी चुकली तर दाराच्या पलीकडे कोण झोपले आहे ते बघत नाही. अंधारात, झोपेतून उठून, थरथरत्या हाताने मारलेला नेम चुकतो, हे गृहीत धरूनच बोलायला हवे.

कायद्याची बाजूही नीट समजून घ्यावी. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी बचावाचा हक्क आहे. जबरी चोरी, किंवा सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी झालेली घरफोडी यांत तो हक्क हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत जाऊ शकतो. पण त्याला कलम ३७ ची वेसण आहे : बचावासाठी लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क उरत नाही. चोर पळत सुटला आहे आणि मागून गोळी झाडली, हे बचावात बसवणे फार कठीण जाते. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणाऱ्यांसाठी २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी वेगळी तरतूदच केली आहे.

मग खरी अडचण उरते. मुले असलेल्या घरात रिव्हॉल्वर कुलूपबंद, रिकामे आणि काडतुसे दुसऱ्या जागी ठेवावी लागतात. आणि असे ठेवलेले शस्त्र रात्री दोन वाजता मिनिटाभरात हाती येत नाही. उशाशी भरलेले ठेवले तर जुहूसारखी पहाट उगवू शकते. यातून मधला मार्ग फारसा निघत नाही. बहुतेक घरांसाठी सेफ्टी दार, मजबूत कडी, जिन्यातला दिवा आणि ११२ वर केलेला फोन हे जुन्या रिव्हॉल्वरपेक्षा आधी उपयोगी पडतात. हे ऐकायला बेचव वाटते, पण तसेच आहे.

वडील गेले, परवाना त्यांच्या नावावर, आता?

परवाना माणसाचा असतो, घराचा नाही. वडिलांच्या निधनानंतर मुलगा तेच रिव्हॉल्वर कपाटात ठेवून बसला, तर ते विनापरवाना बाळगणेच ठरते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर साध्या शस्त्रासाठीही त्याला किमान दोन वर्षे शिक्षा आहे. ‘आम्हाला माहीतच नव्हते’ हे उत्तर फार तर सहानुभूती मिळवून देते.

अधिनियमाच्या कलम २१ मध्ये यावर उपाय आहे : विनाविलंब ते शस्त्र जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा, विहित अटींवर, परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे. नौपाड्यातल्या रहिवाशाला नौपाडा पोलिस ठाणे जवळचे. परवाना नसताना पिशवीत घालून रिक्षाने निघण्यापेक्षा आधी फोन करून किंवा कागद घेऊन जाऊन माहिती द्यावी आणि सांगतील तसे करावे. तोपर्यंत ते हाताळू नये.

शस्त्र ठेवायचेच असेल तर २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसाची वाट आहे. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारसाला अर्ज करता येतो. परवानाधारक हयात असेल तर त्याने सत्तरी गाठल्यावर किंवा पंचवीस वर्षे शस्त्र बाळगल्यावर, यातले जे आधी होईल तेव्हा, तो स्वतः वारस नेमू शकतो. ही दुसरी सोय फार थोड्यांना माहीत असते आणि तीच जास्त सुटसुटीत आहे, कारण वडील स्वतः सही करायला असतात. वारसाला मात्र नवा अर्जदार म्हणूनच तपासले जाते. पोलिस पडताळणी होते, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते, सुरक्षित साठवणुकीची हमी द्यावी लागते आणि गरज काय तेही सांगावे लागते. आता परवान्याची मुदत पाच वर्षे आहे, आणि एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात. राष्ट्रीय नोंदणीचा यूआयएन क्रमांक नसलेला जुना परवाना वैध धरला जात नाही, मग त्यावर कितीही शिक्के असोत.

ठाण्यातली आणखी एक गुंतागुंत जुन्या कागदांची. पोलिस आयुक्तालय होण्याआधीचे परवाने जिल्हाधिकारी कार्यालयाने दिलेले असत. आता ठाणे, कल्याण, डोंबिवली, भिवंडी, उल्हासनगर या पट्ट्यात हे काम पोलिस आयुक्तांकडे आहे. त्यामुळे अर्जासोबत मूळ परवान्याची पुस्तिका, नूतनीकरणाच्या सगळ्या नोंदी, मृत्यू दाखला आणि इतर वारसांची ना-हरकत पत्रे एकत्र ठेवलेली बरी. ठेवायचे नसेल तर ते परवानाधारक विक्रेत्यामार्फत विकता येते.

कोणताही मार्ग निवडला तरी शस्त्र हातावेगळे करताना पावती घ्यायची. त्यावर बनावट, बोअर, चौकटीवरचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या लिहिलेली आहे ना, ते तिथेच वाचून बघायचे आणि तिची छायाप्रत परवान्याच्या पुस्तिकेत लावून ठेवायची.